ओला कागद

सकाळी नऊला दहा मिनिटं कमी होती. गरगरणारा पंखा मंदावला, त्याची पाती दिसायला लागली आणि कोपऱ्यातलं मशीन ओरडायला लागलं.

अभय मोरीत तोंडाला साबण लावून उभा होता. तसाच बाहेर आला. बटण दाबून त्यानं मशीन गप्प केलं, खाटेखालचा छोटा सिलिंडर ओढला, पान्यानं त्याचा कान पिळला आणि म्हाताऱ्याच्या नाकातली नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल, पण तेवढ्यात त्याच्या बापाची, कोंडीरामची, नखं निळसर दिसायला लागली होती.

"हळू घ्या अण्णा. तोंडानं नका ओढू," वैशाली सासऱ्याची पाठ चोळत म्हणाली.

कोंडीरामनं एकतीस वर्षं गिरणीच्या ब्लोरूममध्ये काढली होती. कापसाच्या गाठी फोडायच्या, झोडायच्या, आणि दिवसभर धुक्यासारख्या तरंगणाऱ्या तुसात उभं राहायचं. गिरणी जाऊन तिथे काचेचा टॉवर आला, पण ते तूस म्हाताऱ्याच्या छातीतून गेलं नाही. गेल्या दिवाळीपासून तो मशीनवर होता. हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन चोवीस तास चालायचं आणि लाईट गेली की मुकाट बंद पडायचं. तेवढ्या वेळेपुरता हा सिलिंडर.

"तुझ्याच... केबलीनं... दगा दिला वाटतं," कोंडीराम दोन-दोन शब्दांमागे थांबत म्हणाला.

"बघतो," अभय म्हणाला. त्यानं टॉवेलनं साबण पुसला. सिलिंडरच्या काट्याकडे पाहून मनाशी हिशेब केला. भरलेला आहे, दोनवर सोडलाय. सात तास. चार वाजेपर्यंत.

फोन वाजला. मुकादम गणपत होता.

"अभ्या, आपलाच फीडर उडालाय. तुझी चाळ, बाजूच्या तीन चाळी, सगळं बंद. गाडी निघाली. लगेच ये."

"दुसऱ्या बाजूनं देता येत नाही?"

"दुसरी बाजू कुठाय रे? ती मार्चपासून मेलीय."

अभय जॉइंटर होता. जमिनीखालची जाड केबल तुटली की तिची दोन टोकं पुन्हा जोडायची, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हे करत होता, एकोणीस वर्षं कंत्राटावर. अंगावर कंपनीचं जाकीट असायचं, पगार कंत्राटदाराचा. त्याची कितीतरी जोडणी परळ, वरळी, गिरगावच्या रस्त्यांखाली कुणाला न दिसता वीज वाहून नेत होती.

"मी आज पँट्रीत कळवते येत नाही म्हणून," वैशाली म्हणाली. समोरच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर ती चहा-कॉफी बघायची. "तुम्ही जा. लवकर लाईट येऊ दे म्हणजे झालं."

अभय तीन मजले उतरला. जिन्यात अंधार होता. खाली आवारात बायका पाण्याच्या बंद पंपाभोवती उभ्या होत्या. त्याचं जाकीट दिसताच सुंदराबाई पुढे आली. ती त्यांच्याच मजल्यावर राहायची.

"अभय, किती वेळ रे?"

"बघून सांगतो, मावशी."

*

केबल कुठे फुटली ते वरून दिसत नाही. गाडीतल्या यंत्रानं मेलेल्या केबलीत एकदम मोठा झटका सोडतात. जिथे ती फुटली असेल तिथे जमिनीखाली 'ढप्प' असा आवाज होतो. तो ऐकायला रस्त्यावर कान लावावा लागतो.

डिलाईल रोडच्या फुटपाथवर अभय गुडघे टेकून वाकला. पेव्हर ब्लॉक तापले होते. त्यानं रुमालाची घडी ठेवून त्यावर कान टेकला. वाहनं घोंगावत होती. टॉवरचे जनरेटर सुरू झाले होते, त्यांची घरघर जमिनीतून हाडांत येत होती. माणसं त्याच्या पायांवरून ओलांडून जात होती. एकानं विचारलं, "काय पडलं काय रे?"

ढप्प.

तो चार पावलं पुढे सरकला. पुन्हा वाकला. ढप्प. आणखी पुढे. टॉवरच्या कुंपणाला लागून हिरवळीचा एक पट्टा होता, तिथे आवाज सगळ्यात मोठा आला. छातीत आल्यासारखा.

"इथे," तो म्हणाला आणि खडूनं फुली मारली.

टॉवरचा वॉचमन धावत आला. "इधर नहीं खोदने का. ये हमारा लॉन है."

"लॉनखाली आमची केबल आहे," गणपत म्हणाला.

"परमिशन दिखाओ."

धनेश साहेब गाडीतून उतरून आले. चौतिशीचा इंजिनीअर, शर्ट पाठीला चिकटलेला, एका हातात दोन फोन. त्यांनी वॉचमनच्या साहेबाशी, त्या साहेबाच्या साहेबाशी बोलणी केली. पंचवीस मिनिटं गेली. तेवढा वेळ पाच माणसं टिकाव-फावडी घेऊन उन्हात उभी राहिली, कारण झाडाखाली सावलीत बसायला वॉचमननं मना केलं होतं.

प्रत्येक सबस्टेशनला दोन बाजूंनी केबल असते. एक गेली तर दुसरीवरून चालवायचं. चाळीच्या आवारातल्या सबस्टेशनचीही दुसरी केबल होती. मार्चमध्ये कुठल्या तरी इमारतीच्या पायासाठी खोदताना ती तुटली. वरून रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला होता, म्हणून खोदायला परवानगी मिळेना. अडीच महिने एकाच केबलीवर चार चाळी, दोन टॉवर, आणि मे महिन्यातले सगळे एसी.

दहा वाजता पहिला टिकाव पडला. सव्वाअकराला मीटरभर खोल खड्ड्यात वाळू लागली, वाळूखाली विटा, विटांखाली केबल. मनगटाएवढी जाड, काळी, आणि मध्येच फुगलेली. तिथे जुना जॉइंट होता. त्याच्या पोटाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. आत कोळसा झाला होता.

दोन्हीकडची स्विचं बंद करून कुलपं घातल्याचा निरोप आला. परमिटचा कागद धनेशनं अभयच्या हातात दिला. तरीही रिवाजाप्रमाणे सगळे खड्ड्याबाहेर लांब गेले, दुरून केबलीत खिळा ठोकला गेला, आणि काहीच झालं नाही. मेलेली होती. मग अभय करवत घेऊन आत उतरला.

जॉइंटची वरची जळकी नळी त्यानं सुरीनं सोलली. आत तांब्याची वेणी होती, वेणीवर तारेचा आवळा, म्हणजे पिळून घट्ट गुंडाळलेली तार. त्या आवळ्याकडे पाहून त्याचा हात थांबला.

तारेचे पीळ उलटे होते.

अभय डावखुरा होता. त्याच्या हातचे पीळ डावीकडे जायचे, आणि सगळ्या विभागात डावखुरा जॉइंटर तो एकटाच होता.

त्याला ऑगस्ट आठवला. याच कुंपणाबाहेर, ताडपत्रीखाली, पंपानं खड्ड्यातलं पाणी उपसत. वरून पाऊस आडवा येत होता. गणपती तोंडावर होते आणि लालबागकडून साहेबांच्या फोनवर फोन येत होते. तेव्हाही धनेशच होता. 'केबलीतला कागद ओला आहे का ते तपासायचंय साहेब,' अभय म्हणाला होता. धनेशनं घड्याळ दाखवलं होतं. अभयनं मग तपासला नव्हता.

त्यानं मान वर केली. धनेश खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून त्याच आवळ्याकडे बघत होता. दोघांची नजरानजर झाली.

"जुना जॉइंट आहे," धनेश हळूच म्हणाला. "कुणाचा ते बघत बसायची गरज नाही. उडव तो आणि नवा कर. किती वेळ?"

"एकच जॉइंट असेल तर चार तास."

"म्हणजे चार वाजता. चालेल."

अभयनं करवत चालवायला घेतली. पोलादी पट्टी, मग शिशाचं कवच, मग तेलात भिजवलेल्या कागदाचे थर. या भागातल्या जुन्या केबली अशाच आहेत, तांब्याभोवती कागद आणि कागदाभोवती शिसं. कागद कोरडा असेल तर शंभर वर्षं वीज अडवून धरतो. ओला झाला की आज ना उद्या फुटतो.

"गणपतराव, कढई ठेवा," अभय म्हणाला.

धनेशनं घड्याळाकडे पाहिलं.

गणपतनं स्टोव्हवर छोटी कढई ठेवली, तीत मेणासारखा मसाला वितळवला. अभयनं तांब्याजवळचा कागद चिमट्यानं सोडवला. हात लावायचा नाही, घामानंही ओला होतो. कागद कोरडा असला की कढत मसाल्यात गुपचूप पडून राहतो.

कागदाची पट्टी कढईत पडली आणि तडतडली. फोडणीत मोहरी पडावी तशी. पांढरा फेस वर आला.

अभयनं केबल आणखी फूटभर कापली. दुसरी पट्टी टाकली. फेस आला. पुन्हा फूटभर. पुन्हा तडतड. गेल्या पावसाचं पाणी त्याच्याच जॉइंटमधून शिरून केबलीत आतल्या आत सरकत गेलं होतं.

*

"थोडासा फेस आहे," धनेश म्हणाला. तो आता खड्ड्यात उतरला होता, आणि त्याचा आवाज फक्त अभयला ऐकू जावा इतका खाली होता. "एवढ्यावर केबल धरेल."

"ऑगस्टमध्ये पण धरली होती."

"अभय, ऐक. अजून कापत गेलास तर तुकडा घालावा लागेल. एकाचे दोन जॉइंट होतील. पुढे खोदायला लागेल. दुसरा जॉइंटर मिळणार नाही, बाकीचे दोघंही गिरगावच्या फॉल्टवर आहेत. रात्रीचे नऊ वाजतील."

"साडेआठ."

"तुझ्या घरी वडील मशीनवर आहेत ना? गणपत म्हणाला मला."

अभय चिमटा पुसत राहिला.

"आता बांध. चारला लाईट देऊ. पुढच्या आठवड्यात रीतसर शटडाऊन घेऊन बदलू. मी शब्द देतो."

धनेश खोटं बोलत होता असं नाही. पुढच्या आठवड्यात बदलावा असं त्याला खरंच वाटत असणार. पण पुढचा आठवडा कधी येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. ऑगस्टमध्येही पुढच्या आठवड्याचीच गोष्ट झाली होती.

वर काठावर माणसं जमली होती. चाळीतली वीस-पंचवीस. सुंदराबाई पुढे होती, तिच्या बाजूला तिचा मोठा मुलगा राहुल.

"काय चाललंय काय? चार तास झाले!"

"चहा पीत बसलेत साले. ती बघ कढई!"

"टॉवरमध्ये लाईट आहे, आम्हालाच नाही!"

"त्यांचा जनरेटर आहे," गणपत ओरडला.

"मग आम्हाला आणा ना जनरेटर!"

जनरेटरची गाडी एकच होती आणि ती कुठल्याशा दवाखान्यापुढे उभी होती. हे सांगून उपयोग नव्हता. कुणीतरी खड्ड्यात मातीचं ढेकूळ भिरकावलं. ते अभयच्या खांद्यावर फुटलं. मारणाऱ्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्यानं कापलेल्या केबलीच्या तोंडावर हात धरला, माती आत जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. वैशाली.

"अहो, काटा अर्ध्याला आलाय. दादरच्या माणसाला फोन केला, तो म्हणतो दुसरा सिलिंडर संध्याकाळी. बुद्धविहारातला सिलिंडर कुणीतरी नेलाय. चारपर्यंत लाईट येईल ना? तेवढा पुरेल हा. मी दीडवर करून बघितला, पण त्यांना दम लागतो, पुन्हा दोनवर ठेवलाय."

अभयच्या एका हातात फोन, दुसऱ्यात चिमटा. कढईतला फेस हळूहळू बसत होता. धनेश त्याच्या तोंडाकडे बघत होता. वर सगळी चाळ बघत होती. आता मोठ्यानं 'साडेआठ' म्हटलं असतं तर पुढचं ढेकूळ नुसतं मातीचं नसतं. पण हे कारण त्यानं स्वतःला मागाहून दिलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळत होतं की ते शब्द तोंडातून बाहेर येत नाहीत.

"लागलोय कामाला," तो म्हणाला. "बघतो."

"अण्णांना सांगू ना चारला येईल म्हणून? ते सारखं विचारतायत."

"बघतो म्हटलं ना. ठेव."

फोन खिशात घालून तो गणपतकडे वळला. "पुढे खोदायला घ्या. तीन मीटर. गोडाऊनमधून तुकडा मागवा."

धनेशनं कढईकडे एकदा पाहिलं. मग खड्ड्यातून वर चढला आणि फोन कानाला लावून लांब गेला. "हो सर," तो म्हणत होता. "नाही सर. वेळ लागेल सर."

*

ऊन डोक्यावरून कुंपणापलीकडे सरकलं. खोदणारी माणसं लॉनच्या हिरव्या चकत्या उचलून बाजूला रचत होती, वॉचमन त्या मोजत होता. नऊ फुटांवर पट्टी कढईत पडली आणि गप्प बसली. तिथे कोरडा कागद सुरू झाला. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवरच.

नवा तुकडा आला. अभयनं हात स्पिरिटनं पुसले आणि पहिल्या जॉइंटला बसला. मांडी घालायला जागा नव्हती, एका गुडघ्यावर भार देऊन दुसरा पाय लांब केला. तांब्याच्या तीन शिरा वेगळ्या करायच्या, वाकवायच्या, कागदाला कुठे चीर जाऊ द्यायची नाही. तोंड खाली असल्यानं घाम नाकाच्या टोकावर यायचा. तो जॉइंटवर पडू नये म्हणून गणपत दर दोन मिनिटांनी त्याच्या कपाळाला फडकं लावत होता.

साडेतीनला वैशालीचा फोन आला, तेव्हा त्याच्या हातात गॅसची टॉर्च पेटलेली होती. जॉइंटवरची नळी उष्णतेनं आवळत होती. मध्येच थांबलं तर आत हवा राहते. फोन खिशात वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद झाला.

चारला पाच कमी असताना राहुल पळत आला. काठावरून ओरडला, "अभयदादा, आजोबांना खाली आणतायत! खुर्चीत बसवून. वहिनी म्हणाली तुला सांग."

"काटा?"

"लाल पट्ट्यात आहे."

अभयच्या टॉर्चची ज्योत नळीवरून फिरत होती. अर्धी नळी आवळून झाली होती.

"जा तू," गणपत म्हणाला. "जा रे. मी धरतो."

गणपतला जॉइंट येत नव्हता. त्याला ते माहीत होतं, अभयलाही माहीत होतं. तरी म्हणाला. अभयनं ज्योत पुढे नेली.

"हॉस्पिटलात न्या म्हणावं. सरळ कॅज्युअल्टीत. टॅक्सी रस्त्याच्या पलीकडून घ्या, इकडून आमच्या गाडीनं अडवलंय," तो राहुलला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच दुसऱ्याचा वाटला.

राहुल उभा राहिला, बघत. त्याला वाटलं असणार की अभयदादा अजून काहीतरी बोलेल. मग तो पळाला.

अभयनं वर पाहिलं नाही. रस्त्याच्या त्या टोकाला कुणीतरी 'बाजू द्या, बाजू द्या' करत होतं, ते त्याला ऐकू आलं. एक टॅक्सी बराच वेळ हॉर्न वाजवत होती. मग तो हॉर्न वाहनांत मिसळला.

पाचला पहिला जॉइंट झाला. तो दुसऱ्याला बसला. कुणी वडापाव दिला, तो वाळूवर तसाच राहिला. सातनंतर त्याच्या हातांना मुंग्या आल्या, तेव्हा तो बोटं पोटाशी दाबून मिनिटभर बसला आणि पुन्हा लागला. आठला तपासणी झाली. मीटरचा काटा जिथे हवा तिथे जाऊन थांबला, हलला नाही. आठ पंचवीसला धनेशनं फोनवर सांगितलं, "चार्ज करा."

चाळीच्या खिडक्या एकदम पिवळ्या झाल्या. चारी मजल्यांवरून आरोळी उठली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मघा ढेकूळ मारणाऱ्यांपैकी कुणीतरी गणपतला पाण्याची बाटली आणून दिली.

अभय चालतच हॉस्पिटलात गेला. बस बघायचंही त्याला सुचलं नाही.

*

कोंडीराम कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर होता. तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. सिलिंडर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर संपला होता. तिथून खाली, रस्ता ओलांडून टॅक्सी, टॅक्सीतून पूल, पुलावरची गर्दी. सगळं मिळून वीस मिनिटं.

वैशाली भिंतीला टेकून उभी होती. साडीचा पदर खांद्यावर फाटला होता, खुर्चीच्या हाताला अडकून. तिनं अभयकडे पाहिलं. त्याचे हात डांबरानं काळे होते.

"आली लाईट?" तिनं विचारलं.

"आली."

कोंडीराम त्यानंतर दोन दिवस जगला. गुरुवारी दुपारी, नर्स सलाईन बदलत असताना, गेला. बोलला काहीच नाही.

चाळीनं सगळं केलं. विहारातून माणसं आली, वंदना झाली, वरळीच्या स्मशानात नेलं. लोक हळहळले. "मुलगा लाईट करायला गेला आणि इकडे हे असं," म्हणाले. जो तो अभयच्या खांद्यावर हात ठेवत होता. अभयला प्रत्येक हात ढेकळासारखा लागत होता.

पाचव्या दिवशी धनेश आला. बूट बाहेर काढून आत बसला, वैशालीनं दिलेलं पाणी प्यायला. म्हाताऱ्याची खाट काढली होती, मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

"वाईट झालं," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं बॅगेतून कागद काढला. "आत्ता आणायला नको होता. पण वरून मागतायत. फॉल्टचं कारण लिहायचंय. मी लिहिलंय, बाहेरच्या खोदकामात जॉइंटला धक्का बसला. जॉइंटर म्हणून तुझी सही लागेल. दोघांच्याही दृष्टीनं बरं आहे."

अभयनं कागद वाचला. दोनदा वाचला. मग धनेशच्या हातातलं पेन घेतलं आणि टाईप केलेल्या ओळीवर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: 'जॉइंट माझा. ऑगस्टमध्ये पावसात केला. कागद ओला आहे का ते तपासलं नाही.' आणि सही केली.

धनेशचा चेहरा उतरला. "'मी तपासू दिला नाही' असं लिहिलं नाहीस."

"ते तुम्ही लिहा."

धनेश कागद घडी न करता तसाच बॅगेत घालून उठला. दाराबाहेर बूट चढवले आणि गेला.

वैशाली मोरीच्या उंबऱ्यावर बसून होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तो जॉइंट तुमचा होता?"

"हो."

"आणि त्या दिवशी? चारला लाईट देता आली असती?"

अभय तिच्याकडे वळला. "आली असती. कच्ची. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेली असती."

"हे तुम्हाला कधी कळलं? चारला येणार नाही ते."

"बाराच्या पुढे. तुझा फोन आला तेव्हा."

बाहेर गॅलरीत कुणाचा तरी टीव्ही मोठ्यानं लागला होता.

"मी दर पंधरा मिनिटांनी अण्णांना सांगत होते," ती म्हणाली. "अभय आहे तिथे. आता येईल. अजून तास. अजून अर्धा तास. ते हो म्हणत होते." तिचा आवाज चढला नाही, सरळ राहिला. "पक्कं काम केलंत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण फोनवर दोन शब्द सांगितले असतेत, साडेआठ, तर मी तेव्हाच निघाले असते. सिलिंडर अर्धा होता. आरामात पोचलो असतो."

अभयनं मान खाली घातली. उत्तराला ती थांबली नाही. उठली, तांदूळ धुवायला लागली.

त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. ती बोलेल म्हणून अभय बरेच दिवस वाट बघत राहिला, मग तीही सवय सुटली.

कंत्राटदारानं महिनाभर त्याला बोलावलं नाही. तो महिना त्यानं बिनकामाचा काढला, चाळीच्या आवारात सबस्टेशनच्या दाराशी बसून. आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असायचा. जुन्या कागदी केबलीला हात लावणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून जूनच्या अखेरीस पुन्हा फोन आला. फणसवाडीत फॉल्ट होता.

दुपारी अडीचचा सुमार. पावसानं उघडीप दिली होती. खड्ड्याभोवती वाडीतली माणसं जमली होती, उकाड्यानं पिसाटलेली. कढईत पट्टी टाकली तर फेस आला. गणपतनं अभयकडे पाहिलं.

"ओ जॉइंटर," काठावरून एका बाईनं विचारलं, "किती वाजता येईल? तासाभरात?"

अभय उभा राहिला. चिखलाचे हात त्यानं पँटीला पुसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आज नाही येणार. उद्या सकाळी दहा. घरात कुणी आजारी असेल, मशीनवर असेल, तर आत्ताच हलवा. माझ्या भरवशावर थांबू नका."

एकदम गलका उसळला. कुणी आई काढली, कुणी बाप. मागून कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली फेकली. सगळा गलका डोक्यावर घेत अभय खाली वाकला आणि करवत उचलून पुढचा फूट कापायला लागला.